सहाव्या फेरीचा टायर

गेल्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत मी ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंडच्या ट्रॅकवर दोन पूर्ण दिवस केवळ टायर तपासण्यासाठी घालवले. त्या दोन दिवसांत वेळ कमी करण्याचा प्रयत्न केला नाही, गाडीत नवे काही बसवले नाही आणि कोणाशी स्पर्धाही केली नाही. माझ्या गाडीसाठी कोणता सेमी-स्लिक टायर घ्यावा, या एकाच प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. असा टायर निवडताना बहुतेक जण ज्या आकड्याकडे पाहतात, तो सर्वांत वेगवान फेरीचा आकडा निवडीला पुरेसा नाही, असे माझे मत त्या दोन दिवसांनंतर पक्के झाले. ते कसे झाले, हे या लेखात सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१३ सालची टोयोटा ८६ आहे. दोन लिटरचे, १४७ किलोवॉटचे आडवे चार सिलिंडरांचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि सुमारे साडेबाराशे किलो वजन. इंजिनला मी हात लावलेला नाही. सस्पेन्शनला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि डॅम्पर), पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलता येईल असे वरचे माउंट, चांगले ब्रेक पॅड, जास्त उत्कलनबिंदूचे ब्रेक फ्लुइड आणि ऑइल कूलर एवढेच फेरफार आहेत. याच गाडीने मी आठवड्यातून तीन दिवस कामावर जाते. कारखान्यातून ही गाडी २१५/४५ आर१७ मापाच्या मिशेलिन प्रायमसी एचपी या टायरवर बाहेर पडत असे. तो आरामदायी प्रवासाचा टायर आहे. गाडी कमी वेगातही खेळती वाटावी म्हणून बनवणाऱ्यांनी पकड मुद्दाम माफक ठेवली होती. रस्त्यावर तो विचार मला आजही पटतो. ट्रॅकवर मात्र चार फेऱ्यांत त्या टायरचे खांदे वितळल्यासारखे होत आणि पुढची चाके वळणाबाहेर घसरू लागत.

सेमी-स्लिक म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण दुकानात हा शब्द फार सैल वापरला जातो. शर्यतीच्या पूर्ण स्लिक टायरवर नक्षी नसतेच. सेमी-स्लिकवर रस्त्यासाठीची मान्यता मिळण्याइतक्या मोजक्या, उथळ खाचा असतात आणि रबर शर्यतीच्या टायरच्या जवळ जाणारे, मऊ असते. रबराची पकड दोन प्रकारांनी निर्माण होते. रबराचा पृष्ठभाग डांबराला प्रत्यक्ष चिकटतो, हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार असा, की डांबरातील खड्यांच्या बारीक उंचसखलपणात रबर दबते आणि लगेच पूर्ववत होत नाही, त्यामुळे त्याच्या सरकण्याला विरोध होतो. या दोन्ही गोष्टी रबराच्या तापमानावर अवलंबून असतात. रस्त्याचा टायर थंडीतही काम करील असा बनवलेला असतो, तर अशा टायरचे रबर साधारण सत्तर ते शंभर अंश सेल्सिअसच्या दरम्यान खुलते. खाचा उथळ ठेवण्यामागेही हेच कारण आहे. मऊ रबराचे उंच ठोकळे वळणात लचकतात, त्या लचकण्याने फाजील उष्णता तयार होते आणि ठोकळ्यांच्या कडा फाटू लागतात.

टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेपुढे तो किती टिकेल याचा, आकडा छापलेला असतो. बरेच जण त्याच्यावरच निवड करतात, म्हणून त्याबद्दल थोडे थांबून सांगते. ही अमेरिकी सरकारने ठरवलेली पद्धत आहे. टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या ठरावीक मार्गावर टायर एकूण ७२०० मैल चालवतात आणि त्याची झीज एका संदर्भ टायरशी ताडून पाहतात. संदर्भाला १०० धरले, तर २०० चा टायर त्याच्या दुप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ. मात्र छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते, आणि ही चाचणी सामान्य रस्त्यावरच्या सामान्य चालवण्याची आहे. त्यातच अनेक शर्यतींच्या नियमांत किमान २०० ही अट आली, तेव्हापासून कंपन्या २०० हा आकडा छापता येईल असे, पण प्रत्यक्षात फार मऊ टायर बनवू लागल्या. योकोहामा अॅडव्हान ए०५२ आणि हँकूक व्हेंटस आरएस४ या दोहोंवर २०० च छापलेले आहे, आणि दोघांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. टोयो प्रॉक्सेस आर८८८आर वर १००, तर नानकांग एआर-१ वर ८० असते. १०० किंवा त्याखालचा आकडा दिसला, की टायर मुळात ट्रॅकसाठी बनवलेला आहे एवढे नक्की समजावे. २०० दिसले तर त्यातून फारसे काही कळत नाही, असे धरून चालावे.

मापाचा हिशेब मी कागदावर केला. मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि शेवटचा इंचांत रिमचा व्यास सांगतो. २१५/४५ आर१७ या मूळ टायरचा व्यास ६२५ मिलिमीटर येतो. २४५/४० आर१७ चा व्यास ६२८ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळजवळ जसेच्या तसे राहते आणि रुंदी तीन सेंटिमीटरने वाढते. त्यासाठी नऊ इंची रिम घ्यावी लागली. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर साइडवॉल बाहेर फुगते आणि वळणात टायर रिमवर डुलतो. मग रुंदीचे पैसे वाया जातात. व्हिक्टोरिया राज्यात टायरची रुंदी, व्यास आणि चाकांमधील अंतर यांच्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत. मी त्या मर्यादांच्या आत राहिले, आणि वाचकांनीही खरेदीपूर्वी आपापल्या ठिकाणचे नियम पाहावेत.

तुलनेसाठी मी तीन टायर घेतले. त्यांची नावे न देता त्यांना क, ख आणि ग म्हणणार आहे. माझ्या गाडीच्या वजनावर, माझ्या सस्पेन्शनवर आणि माझ्या हातांत जे घडले, ते वाचून कोणी त्या नावाचा टायर विकत घ्यावा किंवा टाळावा, हे मला योग्य वाटत नाही. ‘क’ हा माझा रोजचा टायर आहे, २०० आकड्याचा, रस्त्याला आणि ट्रॅकला सारखाच उपयोगी पडणारा. ‘ख’ वरही २०० च छापलेले आहे, पण रबर अतिशय मऊ आहे. तो संच एका मित्राकडून उसना घेतला, तो एकदाच वापरलेला होता. ‘ग’ हा शंभराखालच्या आकड्याचा खरा सेमी-स्लिक, मी नवा घेतलेला. नवा टायर थेट पूर्ण जोराने चालवू नये. म्हणून आधीच्या एका भेटीत त्याला दहा मिनिटे हळूहळू तापवले, मग आठवडाभर तसाच ठेवला. पहिल्या तापण्यानंतर रबराला विश्रांती मिळाली, तर ते पुढे अधिक एकसारखे राहते.

टायरकडे पाहण्याची सवय मला कोल्हापूरला लागली. बाबांचे दोन ट्रक होते आणि मार्केट यार्डातून गुळाचे रवे घेऊन ते घाट उतरून कोकणात जात. नवा टायर नेहमी पुढच्या अॅक्सलला आणि रिमोल्ड, म्हणजे नवी नक्षी चढवलेला जुना टायर, मागे, हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. सकाळी गाडी निघण्यापूर्वी ते टॉमीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकत आणि नंतर तळहात नक्षीवरून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवत. एका बाजूने हात गुळगुळीत गेला आणि उलट येताना करकरला, की पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडला आहे, हे ते मला दाखवत. आज माझ्याकडे रबरात सुई खुपसून तापमान मोजणारे यंत्र आहे, तरीही प्रत्येक सेशननंतर माझा तळहात आधी नक्षीवर जातो, आणि बऱ्याचदा यंत्र जे सांगणार असते ते हाताला आधीच कळलेले असते.

तपासणीची पद्धत ठरवताना मला सर्वांत जास्त काळजी होती ती दिवसाच्या बदलाची. सकाळी डांबर थंड असते, दुपारी तापते, वारा फिरतो, आणि चालवणाराही दर सेशनला थोडा सुधारतो. सकाळी जुना टायर आणि दुपारी नवा टायर चालवून जो फरक येतो, त्यात या सगळ्याची भेसळ असते. म्हणून मी दरवेळी सुरुवात ‘क’ ने केली, मध्ये परीक्षेचा टायर बसवला आणि शेवटी पुन्हा ‘क’ वर आले. दोन्ही टोकांना एकच टायर असला, की ट्रॅक आणि मी मिळून किती बदललो, ते निराळे काढता येते. या गाडीची एक सोय येथे उपयोगी पडली. मागची सीट पाडली, की चाकांचा एक पूर्ण संच आत बसेल अशी जागा तिच्यात योजलेली आहे. माझी चाके रुंद असल्यामुळे तीन मागे आणि चौथे चालकाशेजारी, अशी मी नेते. ‘क’ वर घरून निघायचे, तिथे चाके बदलायची आणि पुन्हा ‘क’ वर परतायचे. चाकांचे नट दरवेळी १२० न्यूटन-मीटरला आवळायचे आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासायचे. पेट्रोलची टाकी प्रत्येक सेशनआधी पाऊण भरलेली ठेवली. वजन सारखे राहावे हे त्याचे एक कारण, आणि टाकी अर्ध्याखाली गेली की लांब वळणात ही गाडी पेट्रोलसाठी अडखळते, हे दुसरे.

कॅम्बर मात्र तपासणीच्या आधीच जुळवून घ्यावा लागला, कारण मध्येच तो बदलला असता तर तुलनेला अर्थ उरला नसता. पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे सस्पेन्शन असल्यामुळे गाडी वळणात झुकली, की बाहेरचे चाक वरच्या अंगाने बाहेर कलते आणि सगळा भार खांद्यावर येतो. उणे दोन अंश कॅम्बरवर, म्हणजे चाकाचा वरचा भाग दोन अंश आत कललेला असताना, ‘क’ टायरचे पुढच्या उजव्या चाकाचे तापमान बाहेर ९२, मध्ये ८५ आणि आत ७७ होते. उणे तीन केल्यावर ते ८३, ८४ आणि ८७ झाले. आतली बाजू थोडी जास्त तापलेली असणे मला हवेच होते, कारण सरळ रस्त्यावर तीच बाजू जमिनीला जास्त लागते. हे मोजमाप थांबल्यावर एका मिनिटात घ्यावे लागते, आणि त्याआधी गाडी थंड करण्यासाठी निवांत फेरी मारली तर आकडे खोटे येतात. पृष्ठभागातून बाहेर पडणारी अवरक्त किरणे मोजणारे स्वस्त यंत्रही मी वापरून पाहिले. ते फक्त वरचा थर सांगते, आणि तो थर पिटमध्ये येईपर्यंत वाऱ्याने निवलेला असतो.

मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर, पुलाने जोडलेल्या बेटावर असलेला हा ट्रॅक ४.४४५ किलोमीटर लांबीचा आहे आणि बास सामुद्रधुनीचा वारा त्याच्यावर थेट येतो. टायरची परीक्षा घ्यायला तो का योग्य आहे, हे २०१३ सालच्या मोटोजीपी या मोटरसायकलींच्या शर्यतीवरून समजेल. त्याआधी ट्रॅकवर नवे डांबर टाकले होते आणि त्याची पकड इतकी वाढली, की मोटरसायकलींचे टायर शर्यतभर तग धरणार नाहीत असे सरावात दिसून आले. शर्यत २७ फेऱ्यांवरून १९ फेऱ्यांवर आणली, मध्येच मोटरसायकल बदलणे सक्तीचे केले, आणि एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या मारायच्या नाहीत असा नियम काढला. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि बाद ठरला. येथील वळणे लांब आणि वेगवान आहेत, त्यामुळे टायरला उसंत मिळत नाही. ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. सदर्न लूप, स्टोनर आणि मुख्य सरळ रस्त्यावर आणणारे शेवटचे वळण ही तिन्ही डावी आहेत. म्हणून गाडीच्या उजव्या बाजूच्या टायरांवर सगळा भार येतो, आणि येथील गाड्यांत चालकही उजवीकडेच बसतो, त्यामुळे त्या भारात आणखी भर पडते. माझी सगळी मोजमापे म्हणूनच पुढच्या उजव्या टायरभोवती फिरतात.

मार्चमधल्या दिवशी सकाळी ‘क’ ने १ मिनिट ५८.९ सेकंद ही सर्वोत्तम वेळ दिली. त्यानंतर ‘ख’ बसवला. पिटमधून बाहेर पडल्यावर पहिल्याच उजव्या वळणात त्याने जो विश्वास दिला, तो मी आजवर कोणत्याही टायरकडून अनुभवलेला नव्हता. अर्ध्या फेरीत तो तयार होता. पण चौथ्या फेरीला पुढचे टोक जड वाटू लागले, स्टोनरला गाडी नेहमीच्या रेषेच्या बाहेर जाऊ लागली, आणि सहाव्या फेरीला मी स्टिअरिंग फिरवून तिची वाट पाहत होते.

पिटमध्ये हवा मोजली तेव्हा ३६ पीएसआय भरली. सकाळी पंधरा अंशांना मी २६ ठेवली होती. येथे चूक माझी होती आणि तिचा हिशेब सोपा होता. बंदिस्त हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २६ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की ४०.७ होतात. पंधरा अंश म्हणजे २८८ केल्व्हिन. आतली हवा सत्तर अंशांना जाईल असे धरले होते, तर दाब ३४ च्या जरा खाली थांबायला हवा होता. तो ३६ वर गेला, याचा अर्थ आतली हवा ८६ अंशांच्या आसपास पोहोचली होती. टायरमध्ये जास्त हवा झाली, की मधला पट्टा फुगतो, जमिनीला लागणारा भाग कमी होतो, उरलेल्या भागावर भार वाढतो आणि तो आणखी तापतो. एकदा सुरू झालेले हे चक्र आपोआप थांबत नाही. म्हणून टायर गरम असतानाच हवा कमी केली, त्याला निवायला पुरेसा वेळ दिला आणि ‘ख’ ला दुसरे सेशन दिले. या वेळी गरम दाब साडेबत्तीसवर राहिला आणि वागणूक बरीच सुधारली, तरीही घसरण पूर्ण थांबली नाही. मी पुढे जे आकडे देते आहे ते या दुसऱ्या, न्याय्य सेशनचे आहेत. संध्याकाळी पुन्हा ‘क’ बसवला तेव्हा वेळ ५८.१ आली. म्हणजे टायर तोच असताना ट्रॅक आणि मी मिळून आठ दशांश सेकंदांनी सुधारलो होतो. मी केवळ सकाळच्या वेळेशी तुलना केली असती, तर ती सुधारणा ‘ख’ च्या खात्यावर जमा झाली असती.

एप्रिलमध्ये ‘ग’ ची पाळी आली. ‘क’ ने सकाळी ५८.४ आणि शेवटी वारा वाढल्यावर ५८.८ अशा वेळा दिल्या, म्हणजे दिवस मार्चच्या दिवसापेक्षा किंचित हळू होता. ‘ग’ ची पहिली फेरी मला अजिबात आवडली नाही. थंड असताना तो लाकडासारखा वाटतो. चौथ्या वळणाला, जेथे स्टोनरनंतर जोरात ब्रेक लावावा लागतो, तेथे एबीएस फार लवकर जागे झाले. दुसऱ्या फेरीपासून तो मऊ होऊ लागला, तिसरीत बसला आणि त्यानंतर सेशन संपेपर्यंत बदलला नाही.

दोन्ही टायरांच्या सलग सहा फेऱ्या येथे देते, एक मिनिटाच्या वरचे सेकंद धरून. ‘ख’: ५७.०, ५५.७, ५५.९, ५६.८, ५७.६, ५८.०. ‘ग’: ५८.३, ५६.९, ५६.४, ५६.२, ५६.३, ५६.२. सर्वांत वेगवान फेरी पाहिली तर ‘ख’ अर्ध्या सेकंदाने पुढे आहे, आणि कोणी विचारले तर बहुतेक लोक हाच एक आकडा सांगतात. सहा फेऱ्यांची बेरीज केली, तर मिनिटे सोडून ‘ख’ चे ३४१.० आणि ‘ग’ चे ३४०.३ सेकंद होतात. दिवस हळू असतानाही ‘ग’ पुढे जातो. सहावी फेरी घेतली, तर दोघांत १.८ सेकंदांचे अंतर आहे, आणि ‘ख’ त्या वेळी माझ्या रोजच्या ‘क’ च्या पातळीवर येऊन पोहोचलेला आहे.

आकड्यांहून मला जास्त महत्त्वाचे वाटले ते हे, की ‘ग’ वर मी शिकू शकले. ल्यूकी हाइट्सच्या चढावर गाडी माथ्यावर हलकी होते आणि लगेच उतारावर एमजीच्या वळणासाठी ब्रेक लावायचा असतो. तेथे मी दर फेरीला दोन-दोन मीटरने ब्रेकची जागा पुढे सरकवत गेले, कारण मागच्या फेरीला जो टायर होता तोच या फेरीलाही असणार, याची मला खात्री होती. ‘ख’ वर प्रत्येक फेरीला निराळी गाडी चालवल्यासारखे होत होते. एकाच वेगवान फेरीसाठी, म्हणजे जेथे केवळ सर्वोत्तम वेळ मोजली जाते अशा टाइम अटॅक प्रकारच्या स्पर्धेसाठी, मी डोळे मिटून ‘ख’ घेईन. हलक्या गाडीवर, किंवा जेथे वळणे छोटी आणि सरळ रस्ते टायरला निवायला वेळ देणारे आहेत अशा ट्रॅकवर, त्याची घसरण इतकी होणारही नाही. माझ्या गाडीला, या ट्रॅकवर, वीस मिनिटांच्या सेशनमध्ये तो जमत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘ग’ ने एक नवा प्रश्नही उभा केला. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड पुन्हा सर्वांत गरम निघाली. ‘क’ वर बरोबर जमलेला उणे तीनचा कॅम्बर येथे अपुरा पडला होता. पकड वाढली म्हणून वळणातला जोर वाढला, जोर वाढला म्हणून गाडी जास्त झुकली, आणि झुकल्यामुळे भार पुन्हा खांद्यावर गेला. टायर बदलला की सस्पेन्शनची जुळणीही बदलावी लागते, हे मी वाचले होते. तापमानाच्या तीन आकड्यांत ते प्रत्यक्ष दिसले. वाढलेल्या पकडीचा भार बेअरिंग, चाकांचे स्टड, ब्रेक आणि लांब वळणात इंजिनातील ऑइल यांनाही सोसावा लागतो, म्हणून ऑइलच्या तापमानाकडे मी आता सरळ रस्त्यावर दर फेरीला एकदा पाहते.

झिजेबद्दल थोडक्यात. या टायरांचे आयुष्य किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नाही. नक्षी शिल्लक असतानाही, तापून निवण्याच्या प्रत्येक चक्राबरोबर रबर थोडे कडक होत जाते आणि एके दिवशी टायर दिसायला चांगला, पण पकडीला मेलेला असतो. म्हणून मी प्रत्येक सेशनची वहीत नोंद ठेवते. उसना किंवा वापरलेला संच घेताना साइडवॉलवरील चार अंक जरूर वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. चार वर्षे उन्हात पडलेला कोरा सेमी-स्लिक घेण्यापेक्षा, अर्धा झिजलेला पण ताजा टायर मी पसंत करीन.

आता पाऊस. ‘ग’ रस्त्यावर वापरायला कायद्याने मोकळा आहे, म्हणून एका शनिवारी मी तो मुद्दाम गाडीला ठेवून मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या बाजूला गेले. कोरड्या रस्त्यावर पिठाच्या गिरणीसारखी घरघर सोडली तर तक्रार नव्हती. परतताना सर आली. ओल्या डांबरावर, सावकाश चालवले तर, तो सांभाळून घेतो. पण रस्त्याच्या कडेला जेथे पाणी साचले होते, तेथे ताशी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग एकदम हलके झाले आणि क्षणभर पुढची चाके पाण्यावर तरंगली. खाचा कमी असल्या की चाकाखालचे पाणी जायला जागाच राहत नाही, आणि रुंद टायरला तर ढकलायचे पाणीही जास्त असते. मी वेग साठवर आणला आणि उरलेला रस्ता डाव्या लेनमधून काढला. ऑस्ट्रेलियात नक्षीची किमान खोली दीड मिलिमीटर आहे. पण या टायरवर त्या मर्यादेची वाट पाहणे धोक्याचे आहे. त्या दिवसापासून ‘ग’ गाडीच्या आत बसून ट्रॅकवर जातो आणि आत बसूनच परत येतो. ज्यांना चाके बदलण्याची सोय नाही, जे घरून त्याच टायरवर निघून त्याच टायरवर परतणार आहेत, त्यांनी माझ्या निवडीचे अनुकरण करू नये. त्यांच्यासाठी ‘क’ सारखा टायर हाच खरा सोबती आहे.

हे सगळे वाचून दाखवल्यावर पुण्याच्या माझ्या भाच्याने फोनवर विचारले, “आत्या, माझ्या पोलोला यातला कोणता बसेल?” त्याच्याकडे जीटी टीएसआय आहे, १८५/६० आर१५ टायरची. पंधरा इंची सेमी-स्लिक प्रामुख्याने १९५/५० आणि २०५/५० या मापांत मिळतात. १९५/५० चा व्यास ५७६ मिलिमीटर आणि त्याच्या मूळ टायरचा ६०३. म्हणजे गाडी साडेतेरा मिलिमीटरने खाली येईल आणि स्पीडोमीटर जवळजवळ पाच टक्के जास्त वेग दाखवील. पुण्यातले गतिरोधक पाहता हे साडेतेरा मिलिमीटर किरकोळ नाहीत. त्याशिवाय भारतात टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, आणि जून २०२० पासून टायरांच्या आयातीला परवाना लागतो. त्यामुळे मी येथे सहज मागवते ते टायर तेथे सरळ मार्गाने मिळणे कठीण आहे. आडमार्गाने आलेल्या, वय न कळणाऱ्या टायरवर ताम्हिणीच्या पावसात गाडी चालवू नकोस, हे मी त्याला आग्रहाने सांगितले. आधी तेथे मिळणाऱ्या उत्तम रस्त्याच्या टायरवर कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर एक दिवस घालव, प्रत्येक सेशननंतर हवा मोज आणि सलग सहा फेऱ्यांच्या वेळा मला पाठव, म्हणजे पुढचे आपण मिळून ठरवू. त्याने हवा मोजण्याचे चांगले यंत्र मागवले आहे.

माझ्याकडे पुढचे काम पुढच्या कॅम्बरचे आहे. वरच्या माउंटमध्ये अजून अर्ध्या अंशाची जागा आहे. उणे साडेतीनवर ब्रेक लावताना सरळ रेषेतली पकड किती घटते, हे पाहावे लागेल, कारण चौथ्या वळणाला ‘ग’ चे एबीएस आधीच लवकर जागे होते. उजव्या बाजूचे दोन टायर डाव्या बाजूला हलवून झीज सारखी करता येईल का, तेही याच खेपेला तपासीन. ऑक्टोबरमधल्या दिवसाची नोंदणी झाली आहे. सुरुवात ‘क’ ने आणि शेवटही ‘क’ ने.